चष्मेवाल्याचं अडलेलं वाक्य

माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दुपारी आमची गुलमंडीची बाजारपेठ पेंगते, पितळी हंड्यांवर ऊन तरंगत राहतं, तेव्हा तो फोनवर गल्लीतल्या एकेका माणसावर लिहितो आणि फेसबुकवर टाकतो. डोळे मिटून वाक्य पुटपुटतो आणि काचेवरचा डाग पुसावा तसं अंगठ्यानं पुसून टाकतो. गेल्या उन्हाळ्यापासून तो माझ्यावर लिहीत होता, पण फेसबुकवर टाकत नव्हता.

"मी काय डागी माल आहे का रे?" एकदा मी भडकलोच.

"भाऊ, एक वाक्य जमंना. दिवाळीपर्यंत थांबा."

"आज."

"रविवारपर्यंत तरी?"

"हा चहा संपेपर्यंत."

त्यानं शेवटचा घोट लई वेळ तोंडात धरला. मग डोळे मिटून बटण दाबलं.

मी वाचलं. शेवटी होतं, 'या माणसाचा राग साऱ्या गल्लीला माहीत आहे. त्याचं हसू मी पाहिलंय, पण ते मला लिहिता येत नाही.'

"तेच अर्धवट राहिलंय. काढून टाकतो," तो घाईनं म्हणाला.

"हात लावशील तर बघ!" मी ओरडलो.

फोन विसरून तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मी हसत होतो म्हणे.