खिडकीपलीकडची खुर्ची

पहाटे साडेपाचला डंडी शहरातल्या तागाच्या गिरणीचा भोंगा व्हायचा. एफी गेलॅटलीला तो ऐकू येत नसे. नवरा, वुली, खांदा हलवून तिला उठवायचा आणि चहा पुढे करायचा. त्याला काम नव्हतं, तिला दोन माग होते. चौदाव्या वर्षापासून सत्तावीस वर्षं त्या दोन मागांमध्ये उभी राहून तिचे कान गेले होते. तोंडासमोर मोठ्याने बोललेलं तेवढं पोचायचं.

मागांच्या खडखडाटात बोलणं अशक्यच, म्हणून विणकर बायका ओठांवरून बोलत. तीस पावलांवरचा टोमणाही एफी बरोबर टिपायची. गाणीसुद्धा तशीच चालत. त्यांच्या लाडक्या शेतकरी कवीची एक ओळ एकीने ओठांनी टाकायची, पुढची समोरचीने उचलायची.

जानेवारीत त्या कवीच्या वाढदिवसाला क्लबात जेवण असे. दालनात पुरुष, स्वयंपाकघरात बायका. हॅगिस, म्हणजे मेंढीच्या काळीज-यकृताचा शिजवलेला खिमा, आणि सलगम वाढायला एफी एकोणीस वर्षं जात होती. भाषणं बघायची ती वाढपाच्या खिडकीतून.

सत्तावन्न साली गाणाऱ्या माणसाचा घसा ऐन वेळी बसला. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा डेव्ही डथी स्वयंपाकघरात आला आणि एफीला म्हणाला, तू म्हण. भांडी घासताना ती गायची ते त्याने ऐकलं होतं. एफीने हात पुसले. त्या दालनात ती आजवर फक्त ताटं घेऊन शिरली होती.

डेव्ही अध्यक्षांना विचारायला गेला. अध्यक्ष म्हणजे स्टरॉक, गिरणीत एफीच्याच खात्याचा मुकादम. एफी खिडकीतून बघत होती. स्टरॉकने डेव्हीच्या कानाशी तोंड नेलं, पण ओठ झाकले नाहीत.

"ठार बहिरी आहे ती. सूर सोडेल, आपलं हसं होईल. खिडकीआडूनच गाऊ दे."

डेव्ही परत आला. स्वयंपाकघरातून आवाज छान घुमतो म्हणाला. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं.

एफीने एप्रन काढून सोबत वाढणाऱ्या नेट्टीच्या हातात दिला आणि सरळ अध्यक्षांच्या मेजापर्यंत चालत गेली.

"साहेब, आत्ता काय बोललात ते मला दिसलं. बहिरी आहे, खरंय. सूर सोडला तर सोमवारी माग काढून घ्या."

कुणीतरी हसलं. स्टरॉकचे कान लाल झाले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग म्हण."

वुलीला हे कसं सांगायचं, हा विचार तिच्या मनात आला तेव्हा डेव्हीचा गज हलायला लागला होता. फिडल तिला मुळीच ऐकू येत नव्हतं. सूर कुठे लागतो ते घशाला माहीत होतं. लय ती गजावरून घेत होती. पहिलं कडवं पार पडलं. दुसऱ्यात डेव्ही तंद्रीत वळला आणि गज त्याच्या पाठीआड गेला. एफीची ओळ अर्ध्यावर अडखळली. स्टरॉकने काटा खाली ठेवला.

तिने समोर बघितलं. मेजांभोवती बसलेले साठ पुरुष आवाज न करता ओठ हलवत होते. गाणं सगळ्यांना पाठ होतं. ओळ कुठे आली आहे ते त्या तोंडांवर स्वच्छ दिसत होतं, मागांपलीकडे दिसायचं तसंच. तिने तिथूनच उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. शेवटच्या कडव्याला स्टरॉकचेही ओठ हलत होते, आणि एक शब्द तो चुकला.

सोमवारी दोन्ही माग तिच्याकडेच होते. दुपारी स्टरॉक खात्यातून फिरताना थांबला. खडखडाटात त्याने नुसतेच ओठ हलवले, "पुढच्या वर्षी?"

एफीनेही ओठांनीच सांगितलं, "खुर्चीवर बसून जेवेन, मग गाईन."

क्लबात त्यावर दोन बैठका झाल्या, तेव्हा कुठे होकार आला. पुढच्या जानेवारीत एफीने पगाराच्या पाकिटातून साडेबारा शिलिंग काढून तिकीट घेतलं. वुलीचे नवे बूट घेणं मार्चवर गेलं. त्या खुर्चीवर बसून तिने पहिला घास खाल्ला आणि खिडकीतल्या नेट्टीला ओठांनी कळवलं, सलगम कच्चं राहिलंय.