सगुणाने भरलेली बाटली

मालिनीबाई रत्नागिरीच्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायच्या, पण जीव अडकलेला मुंबईत. लग्नाआधी तिथल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी काम केलं होतं. मग सासर, कलमांची बाग, मूल, नोकरी. वर्षं कशी सरली कळलंच नाही. फळ्यावर डीएनएची शिडी काढता काढता मध्येच थांबायच्या. मुलींना वाटायचं, बाई विसरल्या. विसरतात कसल्या! आठवण यायची म्हणून थांबायच्या.

सत्त्याऐंशी साली संस्थेतला जुना सहकारी श्याम घरी येऊन गेला. म्हणाला, "तुमच्या इथल्या गरम झऱ्यांत कोणते जंतू राहतात, कुणी बघितलंय का? नमुना पाठव. नवा जंतू निघाला तर साहेब तुला दोन वर्षांसाठी बोलावतील." नवरा सुपारी कातरत ऐकत होता. तोही म्हणाला, "निघाला तर जा हो. घर मी बघतो."

झालं! बाईंचं अर्धं मन तेव्हाच मुंबईच्या एस.टी.त जाऊन बसलं.

देवरूखच्या बाजूला एका गावात असा झरा होता. पाणी जिथून उकळत वर येतं, तिथे या देवाच्या झऱ्याची राखण करणाऱ्या सगुणाच्या घरच्यांखेरीज कुणी हात घालायचा नाही, ही तिथली रीत. बाईंनी उकळून, बूच लावून आणलेली बाटली सगुणाच्या हाती दिली आणि आपण खालच्या पायरीवर वाफेने धुरकटलेला चष्मा पुसत राहिल्या. थोड्या वेळाने सगुणा शेवाळासकट बाटली भरून घेऊन आली.

मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत खटाटोप सुरू झाला. बर्फ मिरकरवाड्याहून, मासळीवाल्यांकडचा. जंतू साबणासारख्या द्रावणात फोडले, फिनॉलच्या वासाने डोकं उठलं, आणि शेवटी गार अल्कोहोल ओतल्यावर काचेच्या कांडीवर जंतूंच्या डीएनएचा पांढरा धागा गुंडाळत वर आला. बाईंचे डोळे भरले. हात हे काम विसरले नव्हते.

धागा मुंबईला गेला. तिथे श्याम त्यातली अक्षरं ओळीने वाचणार होता आणि कॉम्प्युटर ती माहितीतल्या जंतूंशी ताडून बघणार होता. गणपती गेले, दसरा गेला. ऑफिसातला फोन वाजला की बाई खडू हातात तसाच धरून दाराकडे बघायच्या. बाई शिकवतायत पेशी आणि कान मुंबईला!

एकदाचा ट्रंक कॉल आला. श्याम म्हणाला, "मालिनी, माणसांच्या, गुरांच्या पोटात असतो तोच साधा जंतू निघाला गं. असल्या कढत पाण्यात तो जगायचाच नाही. बाहेरून आलाय."

"मी दुसरा नमुना पाठवते."

"जागा भरली. साहेबांनी पुण्याची एक मुलगी घेतली."

रविवारी बाई पुन्हा झऱ्यावर गेल्या. सगुणा कुंड झाडत होती.

"सगुणा, त्या बाटलीत दुसरं पाणी गेलं होतं का?"

"जाईल कसा, बाय? आधी हिरीवर नेऊन चांगली खंगाळली, मगच भरली. लोकांच्या घरची बाटली तशीच देवाच्या पान्यात बुडवायची व्हय?"

विहिरीच्या कडेला गुरं पाणी पीत होती. रागवायचं कुणावर? बाईंच्या स्वतःच्या घरी कोरा हंडासुद्धा विसळल्याशिवाय कुणी भरत नसे. म्हणूनच तर 'खंगाळू नको' असं सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी सगुणाला काय झालं ते सांगितलं. दोष मात्र तिच्या माथी मारला नाही.

सगुणाने झाडू बाजूला ठेवला. "म्हंजे आता मुंबैला जानार नाय ना तुमी? बरा झाला, बाय. माजा घोव तिकडं, पोर तिकडं. समदी तिकडंच जातात. तुमी येत ऱ्हावा."

बाई हसायला गेल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

"मला जायचं होतं गं," त्या म्हणाल्या. "फार जायचं होतं."