कढीपत्त्यातून आलेलं पिल्लू

पोरगी पुण्याला शिकायला गेली त्या पावसाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. नवरा वारणानगरला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचा. शाहूपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई, दोघीच. घासलेली भांडी मी पुन्हा घासायचे, काही काम नसताना जिना उतरून परत चढायचे. दुपारी मुलीला ‘जेवलीस का?’ म्हणून मेसेज टाकायचा आणि उत्तर येईपर्यंत फोन हातात घेऊन फिरायचं. उत्तर यायचं ते नुसत्या अंगठ्याचं.

श्रावणात मी शिरोळला माहेरी जाऊन आले. भावाच्या उसाच्या बांधावर कढीपत्त्याचं मोठं झाड होतं. निघताना भावजयीनं त्याच्या चार फांद्या पिशवीत कोंबल्या. घरी आल्यावर ओट्याशी उभी राहून मी पानं ओरबाडत होते, तर त्यातली एक काडी चालायला लागली.

बोटाच्या दोन पेरांएवढं पिल्लू होतं. शेपटीची गुंडाळी फांदीला घट्ट, पाय चिमट्यासारखे. पाऊल उचलायचं, ते टाकावं की नाही अशा विचारात मागंपुढं डुलायचं, मग टाकायचं. एक डोळा माझ्याकडं वळला आणि दुसरा खिडकीकडंच राहिला. मी दोन पावलं मागं सरले. हा घोयरा, रंग बदलणारा सरडा. शाळेच्या पुस्तकात त्याला शॅमेलिऑन म्हणतात. आमच्या शिवारात तो दिसला की आधी काठी शोधतात. तो फुंकरला की माणूस मरतो, असं ऐकतच मी मोठी झाले होते.

सासूबाई पाणी प्यायला आत आल्या आणि दारातच थांबल्या.

“घोयरं हाय ते. आधी भाईर टाक.”

बाहेर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली, रिक्षांच्या चाकांत, नाहीतर कठड्यावर टपलेल्या कावळ्यांच्या तोंडात. उद्या शिरोळला जाऊन सोडून येते, असं मी म्हणाले. त्यांनी पिशवीत दोन लुगडी भरली आणि इचलकरंजीला नणंदेकडं निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “ते हाय तवर मी न्हाय.”

मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. एरवी तीनदा लावला तरी न उचलणारी, तिनं पिल्लू बघितल्यावर फोन ठेवलाच नाही. तिच्या कॉलेजात साप पकडून जंगलात सोडणारं एक टोळकं होतं, त्यांना विचारून तिनं मला सगळं सांगितलं. हात लावायचा नाही. वाटीतलं पाणी त्याला कळत नाही, पानांवर थेंब मारायचे, ते चाटतं. सकाळचं ऊन हवं, पण सावलीही हवी. खायला जिवंत किडे, तेही त्याच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून लहान. आणि हा जंगली जीव आहे, घरात पाळणं गुन्हा आहे, तेव्हा लाड करत बसू नकोस.

पण त्या रात्री पंचगंगेचं पाणी वाढलं आणि सकाळी शिरोळचा रस्ता बंद झाला, वारणानगरचाही; त्या शनिवारी नवरा येऊ शकला नाही. वन खात्याच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, गाड्या पुराच्या कामात आहेत म्हणाल्या. रस्ता उघडेपर्यंत सांभाळा आणि जिथून आलं तिथंच नेऊन सोडा.

मग कपड्यांची जाळीची बास्केट रिकामी केली. आत जास्वंदीची फांदी उभी केली, वर ओढणी बांधली. इस्त्रीच्या वेळची फवाऱ्याची बाटली होतीच. पाण्याचा थेंब पानाच्या टोकाशी आला की ते तोंड लावायचं. पण खाईना. मी मुंग्या सोडल्या. मुंग्या त्याच्याच अंगावर चढायला लागल्या, त्या काढताना माझी तारांबळ उडाली. गुलाबावरचे माव्याचे किडे ठेवले, त्यांच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा हिरवा रंग जाऊन ते चहाच्या चोथ्यासारखं काळपट झालं. भर दुपारी डोळे मिटून बसलं. मी गॅलरीत जायचे, आत यायचे, फिरून गॅलरीत. भूक नसलेल्या जिवापुढं ताट घेऊन उभं राहणं मला काही नवीन नव्हतं. मुलगी लहानपणी अशीच तोंड फिरवायची. पण तिला निदान रागावता यायचं.

“आई, केळी कुजव,” मुलगी फोनवर म्हणाली.

कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून काळी पडलेली केळी आणली आणि सोलून उघडी ठेवली. घरभर आंबूस वास सुटला. चिलटं जमली तशी ती साल अलगद बास्केटमध्ये सरकवली. पिल्लाचा एक डोळा उघडला. तो चिलटामागं फिरला, मग दुसराही तिकडंच आला. ते पुढं झुकलं, आणि काय झालं ते मला दिसलंच नाही. चिलट नव्हतं आणि पिल्लाचा जबडा हलत होता. मी तशीच खाली फरशीवर बसले. मुलीला फोन केला तर तिच्या खोलीतल्या सगळ्या पोरी फोनवर गोळा झाल्या.

त्या दिवसांत ती सकाळी आणि संध्याकाळी स्वतःहून फोन करायची. किती खाल्लं, रंग कसा आहे, ऊन दिलंस का. बोलता बोलता मेसची भाजी कशी असते, खोलीत कुणाचं कुणाशी पटत नाही, एकदा घरी पळून यावंसं वाटलं होतं, हेही सांगून जायची. मी मधे बोलायचे नाही.

पाणी उतरलं. आता पुढचा पूर कधी येईल याचा नेम नव्हता; रस्ता उघडल्याचं कळताच बास्केट मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. वाटेत दोन्ही बाजूंचा ऊस चिखलानं माखून आडवा झाला होता. बांधावर पोचले तर कढीपत्त्याचं झाडच नव्हतं. बुंधा तेवढा राहिला होता. पुरात ते कललं, ट्रॅक्टरला आडवं यायला लागलं, म्हणून भावानं तोडलं होतं.

भाऊ लांबच उभा राहिला. “आक्का, हितं नगं सोडूस. गड्यांनी बघितलं तर ठेचतील.” मग म्हणाला, “मी बी ठेचलं असतं.”

त्याला मी काय सांगणार? आठवड्यापूर्वी मी कुठं वेगळी होते. कॅनॉलच्या कडेला, पाणी न पोचलेल्या उंचवट्यावर, करंजाची झाडं होती, वेलींनी भरलेली. ती त्यानंच हातानं दाखवली. तिकडं कोणी जात नाही म्हणाला. मी जास्वंदीची फांदी करंजाला टेकवून धरली. पिल्लू डुलत डुलत टोकापर्यंत आलं. तिथं थांबलं, इतका वेळ की माझा हात भरून आला. शेवटी एक पाय पलीकडं टाकला, मग दुसरा. पानांत शिरलं आणि हिरवं झालं. किती शोधलं तरी मला परत दिसलं नाही. वर कुठंतरी भारद्वाज घुमत होता, तो पक्षी सरडे खातो हे मला ठाऊक होतं. मी खडे मारून त्याला उडवून लावलं आणि आणखी थोडा वेळ तिथं उभी राहिले.

सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या. सगळ्या घरात गोमूत्र शिंपडून घेतलं आणि मगच चहा मागितला. मुलीचा फोन पिल्लू सोडलं त्याच संध्याकाळी आला होता. सोडल्याचं ऐकून बरं झालं म्हणाली. त्यानंतर दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच लावला. काय विचारायचं ते काही ठरवलं नव्हतं.