निवडलेली वानगी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ठाकुर्लीजवळच्या एका गावाचा तांदूळ मुंबईच्या व्यापाऱ्याने परत धाडला, तो माझ्यामुळे.

त्या गावच्या शाळेत मी मास्तर होतो. माणसं थोडक्या जमिनीची. तांदूळ कल्याणच्या बाजारात नेत. तिथे दलाल आणि व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल त्याला तो कळतही नसे. सगळ्यांनी मिळून आगगाडीने थेट मुंबईला माल पाठवावा, म्हणून मी गावाच्या मागे लागलो. गावावर माझं फार प्रेम होतं असं नाही. मला दलालाची जिरवायची होती.

मुंबईचा व्यापारी नमुन्याची वानगी पाहून सौदा करणार होता; ती मी घेऊन जायची होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने घरोघरचा पसा पसा तांदूळ आणला, माझ्यासमोर कालवला आणि पिशवी भरली.

"जसा हाय तसाच दावा, मास्तर."

बायको तेव्हा माहेरी होती. घरी येऊन मी पिशवी सुपात ओतली. तांबडे दाणे, कणी. असला तांदूळ माझ्या हाताने शेटजीपुढे ठेवायची मला लाज वाटली. दुपारभर बसून निवडला आणि अख्खे पांढरे दाणे तेवढे परत भरले.

वानगी पसंत पडली. गोणी गेल्या. व्यापाऱ्याने दोन-तीन उसवून पाहिल्या आणि सगळा माल माघारी लावला; हे गाव लबाड आहे, पुन्हा याचा दाणा नको, असा निरोप वर. तांदूळ कल्याणला त्याच दलालाच्या दारात आला.

"या, या," तो पानाला चुना लावीत म्हणाला. "मुंबईची हवा काही मानवली नाही वाटतं तांदळाला. उतरवा. आता भाव विचारू नका."

संध्याकाळी गाव देवळापुढे जमलं. "वानगीत आमचा टाकून तुझ्या घरचा निवडक घातलास, मोठेपणासाठी," एकजण म्हाताऱ्याच्या अंगावर गेला.

"मास्तर व्हते ना तिथं. सांगा मास्तर, मी काय भरला त्ये."

सगळे माझ्याकडे वळले.

"भरताना मी होतो," मी म्हणालो. "पण आत काय घातलंत, ते निरखून पाहिलं नाही."

"ऐकलास? मास्तर काय खोटा बोलंल?" कोणीतरी म्हणालं. म्हातारा वाट काढून घराकडे गेला.

लावणीला एकमेकांच्या शेतात जायची गावाची रीत. त्या वर्षी त्याच्या शेतात कोणी उतरलं नाही. तो आणि त्याची म्हातारी दोघंच चिखलात वाकलेली शाळेच्या खिडकीतून दिसत. मला त्यांचा रागच येई. पुढे मी ठाण्याला बदली मागून घेतली.

तो अजून जिवंत आहे आणि लावणीला त्याच्या शेतात अजून कोणी उतरत नाही, असं कळतं. वानगी मी निवडली होती, हे त्या देवळापुढे उभं राहून त्याच माणसांना सांगणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.