बोटं स्वस्त होती तोवर

"पैसे ठेवा तुमच्यापाशी, मालक. आधी त्या प्रेसला जाळी लावा. उद्यापासून तिथं माझी सून बसायचीय."

मावशीच्या हाताला अजून पट्टी होती. पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसनं तिची दोन बोटं नेली होती.

"सगळ्या मशीनींना जाळ्या? दिवाळं निघेल माझं. हे घे आणि गप बस."

गप बसणं मावशीच्या रक्तातच नव्हतं. तिनं दावा ठोकला. मालकानं तिला झाकणांच्या कडा तपासायला टेबलावर बसवलं. समोर प्रेसवर सून. प्रेसचा दणका झाला की मावशीची मान तिकडं वळायची.

प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहतच नाही. पण तसं केलं तर झाकणं कमी निघतात, आणि मजुरी झाकणावर. म्हणून एक बटण सायकलच्या ट्यूबच्या रबरानं दाबून बांधायचं आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवत राहायचं, हा सगळ्या बायांचा शिरस्ता.

कोर्टात मालकाच्या वकिलानं नेमकं तेच धरलं. "रबर कोणी बांधलं?"

"मीच."

तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

"आणि आणलं कुठून?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मुकादम वाटतो. झाकणं कमी पडली की तोच येऊन विचारतो, रबर तुटलं काय गं?"

मागच्या बाकावरचा मुकादम स्वतःचे बूट न्याहाळायला लागला. त्याला पिंजऱ्यात बोलावलं, तेव्हा त्याला नाही म्हणता येईना.

मावशी जिंकली. भरपाईतला चौथा हिस्सा तिची चूक म्हणून कापला गेला. "बरोबर कापला," ती म्हणाली. "बोटं माझी होती, मीबी सांभाळायला नको?"

उरलेलं भरताना मालकाला घाम फुटला. वर विमावाल्यानं बजावलं, आणखी एक बोट गेलं तर हप्ता दुप्पट. मग पंधरवड्यात सगळ्या प्रेसना जाळ्या बसल्या आणि मजुरी दिवसावर आली. शेजारच्या कारखान्यांनीही कुणी न सांगता जाळ्या आणल्या.

"लई महागात पाडलंस, मावशी."

"म्हणून तर जाळी आली, मालक. बोटं स्वस्त होती तोवर जाळी महागच वाटणार की."

बाया खो खो हसल्या. मुकादमानं तोंड फिरवलं, पण त्याचेही खांदे हलत होते.

सुनेच्या कमरेला जुनं रबर खोचलेलं होतं.

"हे कशाला?"

"सवयीनं, आत्याबाई."

मावशीनं ते ओढून काढलं आणि त्यानंच सुनेचे मोकळे केस करकचून बांधले. "आता लाव हात. दोन्ही."

जाळी खाली आली, दणका झाला. या वेळी मावशीनं मान वळवली नाही. टेबलावरचं झाकण उचलून तिनं कडेवरनं अंगठा फिरवला, वाकडं निघालं तसं भंगारात फेकलं आणि दुसरं घेतलं.