फुलीच्या अलीकडची काठी

जळगावच्या भांड्यांच्या दुकानातल्या अक्कांनी मला सांभाळून घेतलं. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं सांगताना मी अजून घाबरते, आणि घाबरले की मुख्य माणूसच सांगायचं राहून जातं.

अक्का म्हणजे दुकानाच्या शेठांच्या थोरल्या बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या भावाकडेच. दुकानात आतल्या बाजूला पाटावर बसायच्या, पण बाहेर कोण आलं आणि काय न घेता गेलं, ते सगळं त्यांना कळायचं.

मी साक्रीकडची. आई आजारी पडली, शेतात कापूस वेचायला हात हवे होते, म्हणून माझी शाळा सहावीतच सुटली. लग्न झाल्यावर नवऱ्याला जळगावला जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, काम लागलं. जिनिंग कापसाच्या हंगामापुरतं. हंगाम संपला की मला एकच धास्ती, आता खोली सोडून गावाला परत जायचं. अक्कांचं घर आमच्याच गल्लीत होतं. माझ्या दारातली रांगोळी बघून त्या एकदा थांबल्या.

"हात बरा चालतो तुझा. भांड्यांवर नावं टाकशील?"

नावं टाकायचं मशीन म्हणजे वायर लावलेली जाड पेन्सिलच. हातात धरली की खांद्यापर्यंत मुंग्या. शेठ म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणता म्हणून. पण एक भांडं बिघडलं की बाईनं दुसऱ्या दिवशी यायचं नाही."

मी मान डोलावली. तेव्हापासून प्रत्येक भांडं मांडीवर घेताना चिठ्ठीवरचं नाव दोनदा वाचून घ्यायची.

तुळशीचं लग्न झाल्यावर एरंडोलकडचे एक नाना आले. तलाठी होते, रिटायर झालेले. मुलीला द्यायची भांडी होती. मोठा डबा, पातेली, कळशी, ताटं. चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली होती. तारीख आपल्या आकड्यात, आणि पुढं महिना रोमन आकड्यात. फुली नि तिच्यामागं, उजव्या अंगाला, एक काठी.

"जन्मभर सरकारी कागदावर महिना असाच लिहिला," ते म्हणाले. "पोरीच्या भांड्यांवरही तसाच टाका."

मला ते रोमन वगैरे माहीत नव्हतं. पण काठी नि फुली मला चांगली माहीत होती. आमच्याकडे कापूस मोजताना खळ्याच्या भिंतीवर कोळशानं खुणा करत. एका गाठोड्याला एक काठी, दहा झाली की फुली. काठी फुलीच्या या अंगाला की त्या अंगाला, ते कोण बघतं? जागा असेल तिथं ओढायची. मोजणारा सगळं मिळवून धरायचा. म्हणून चिठ्ठी बघताच मी ओळखलं की हे अकरा. ओळखल्याचा आनंदही झाला.

आधी डबा घेतला. वर तारीख नि महिना, खाली साल. फुली काढली नि तिच्यामागं लगेच डब्याची कडी आली. काठीला जागाच उरली नाही. मग ती मी फुलीच्या अलीकडे, डाव्या अंगाला ओढली. आणि सगळी भांडी एकसारखी दिसावीत म्हणून बाकीच्यांवरही काठी अलीकडेच.

नाना भांडी न्यायला आले. चष्मा वर सरकवून डबा बघितला, मग पातेलं, मग ताट. मग एकदम घरच्या अहिराणीतच ओरडले.

"हाई काय करी ठेवं व माय? बठ्ठा भांडास्वर सप्टेंबर! मनी पोरनं लगीन पितरपाटमा लाई दिन्हं का तू?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "नाना, अकराच शे ना?"

"अकरा? हाई नऊ शे, नऊ!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पितृपक्षात लग्न, तेही सगळ्या भांड्यांवर कोरलेलं. व्याह्यांच्या घरी ताट वाढलं की प्रत्येक जण ते वाचणार. नानांनी चष्मा काढला. आधी मला वाटलं रागानं, मग कळलं की ते रडवेले झालेत.

शेठ उठले. "संपलं. अक्का, मी आधीच म्हणालो होतो."

अक्का सावकाश बाहेर आल्या. डबा उचलून उजेडात धरला.

"बिघडलं कुठं? अर्धं राहिलंय," त्या म्हणाल्या. "तिला पुरं करू दे." मग माझ्याकडे वळून, "काठी फुलीच्या पुढं, डावीकडे असली की एक वजा, मागं, उजवीकडे असली की एक जादा. आता मागं एक काठी दे. आणि पुढच्या काठीचा देठ कर. दारात काढतेस ना, तसली वेल चढव तिच्यावर."

नाना म्हणाले, "अन् हाई नवं काम येगळं दिसी ना?"

"दिसू दे की. लग्नाच्या भांड्यावर वेल नको का नाना? सरकारी कागदावर नव्हती, म्हणून इथंही नको?"

नाना हसले नाहीत, पण स्टुलावर बसले. मी मशीन लावलं. पहिलं पान वेडंवाकडंच आलं. अक्का शेजारी बसून एकेक भांडं माझ्याकडे सरकवत राहिल्या. ताटांवर, पातेल्यांवर, कळशीवर काठीची वेल झाली. डब्यावर कडीमुळं मागं जागा नव्हती. तिथं वरची अख्खी ओळ पानांत बुडवली नि तारीख-महिना सालाखाली नव्यानं टाकला. नानांनी बोटानं एकेक काठी चाचपून बघितली नि भांडी घेऊन गेले.

काम राहिलं. पुढं बायका दुकानात येऊन म्हणायच्या, "ती वेलवाली आहे का?"

मग एका वर्षी जिनिंग सुरूच झालं नाही, आणि नवऱ्यानं सुरतेला काम बघितलं. निघायच्या दिवशी अक्का दुकानात होत्या नि गाडीची वेळ झाली होती. दिवाळीला येऊन भेटू, असं मी स्वतःला सांगितलं. ती दिवाळी आलीच नाही. कधी मुलं आजारी, कधी सुट्टी नाही. नंतर नंतर कोणत्या तोंडानं जायचं, हेच वाटायला लागलं.

परवा धाकट्याला पुस्तकातले रोमन आकडे शिकवत होते. वजा नि जादा सांगताना अक्कांचाच आवाज तोंडात आला, आणि एकदम लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीत नाही. जळगावातल्या किती घरांतली नावं मी कोरली. त्यांचं कधी विचारलं नाही. भावाच्या घरात त्यांच्या नावाचं एक भांडंही नव्हतं.

अक्का, तुम्ही अजून असाल, असं धरून चालते. मी येणार आहे. तुमच्या नावाचा तांब्या इथून घेऊन येईन, दुकानातला नको, नाहीतर तुम्ही भावाला दर विचारत बसाल. तुमचं नाव तुम्हालाच विचारेन, आणि तुमच्यासमोर बसून टाकेन. महिना नानांसारखा रोमन लिहीन, काठी जिथं हवी तिथंच. वेल मात्र दोन्ही अंगांना चढवीन.