मागची सीट

शिरूरच्या स्टँडसमोर भाड्याची जीप लावणारे मामा फार कमी बोलायचे, आणि बोललेच तर शेवटी 'बघा' म्हणून थांबायचे. आमच्या भागातलं कुणी नवी गाडी घ्यायला पुण्याला निघालं की मामांना सोबत नेई. मीही नेलं. माझे वडील, आप्पा, दम लागत असूनही काठी टेकत आले होते.

शोरूममध्ये एकाच गाडीची दोन मॉडेलं शेजारी उभी होती. वरच्या मॉडेलला मखमली सीटा, बटणावरच्या काचा, टेप. साध्याला यातलं काही नाही, नुसती सपाट रेक्झिनची सीट. इंजिन मात्र दोन्हींना तेच. माझं मन वरच्यावर जडलं होतं.

मामांनी चपला काढल्या आणि वरच्या मॉडेलच्या मागच्या सीटवर चक्क आडवे झाले. सीटच्या मधल्या उंचवट्यावर त्यांची कंबर अवघडली. मग ते साध्या गाडीत आडवे झाले, गुडघे दुमडले, डोळे मिटले आणि मला दार लावायला सांगितलं. दार लागलं. सेल्समन हसला. मला हसू आलं नाही. आमच्याकडं ज्याच्या दारात गाडी, त्यालाच पेशंट न्यायला बोलावणं येतं.

बाहेर येऊन रेक्झिनवर हात फिरवत मामा म्हणाले, "हिच्यात माणूस आडवा मावतो. आन् सीट धुता येती, बघा."

बोलताना त्यांनी आप्पांकडं पाहिलं नाही. आप्पा वाकून ती सीट बराच वेळ न्याहाळत राहिले. मग काठी सावरत मला म्हणाले, "हीच घे."